सहा कॅमेरे, शून्य सापडले

मे महिन्यातला शुक्रवार, दुपारचे साडेतीन. त्या वेळी सोलापुरात कुणी कुणाला फोन करत नाही, उन्हानं माणूस आडवा झालेला असतो. पुण्याचा नंबर दिसला तेव्हाच कळलं, कुठंतरी काहीतरी अडलंय. मी कॅमेरे दुरुस्त करणारा, आणि फोन होता अण्णांच्या पुण्यात राहणाऱ्या मुलीचा. "दादा, अण्णांच्या घरचे कॅमेरे सोमवारपासून मोबाइलवर दिसत नाहीत. आत्येभावानं खटपट केली, तर आता रेकॉर्डरलाच कॅमेरे सापडत नाहीत. घरी आई-अण्णा आणि आजीच असते. आज जमेल का?"

संध्याकाळी गेलो. अशोक चौकातून आत, दोन बोळ सोडून घर. खाली बारा मागांचं शेड, त्यावर टेरी टॉवेल निघतो. शेजारी तयार मालाची खोली, वरच्या मजल्यावर कुटुंब, त्यावर गच्ची. अण्णा दारातच उभे होते. "सकाळपासून नुसता गोल गोल फिरून शोधालाय, पण एक सापडंना," म्हणाले. "सहाच्या सहा गेले बघा."

हे "सहाच्या सहा गेले" मी जसंच्या तसं खरं मानलं. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती. पुढं कळेलच.

सोमवार ते शुक्रवार काय झालं

मी येण्याआधी घरात जे घडलं ते अण्णा, त्यांच्या पत्नी अक्का आणि भाचा (मुलीचा आत्येभाऊ) या तिघांकडून तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं. सोमवारी जुनं इंटरनेट बंद करून नवीन फायबर घेतलं. कंपनीची पोरं आली, भिंतीवर नवा राउटर ठोकला, जुना काढून अक्कांच्या हातात दिला, मोबाइलवर एक व्हिडिओ चालवून दाखवला आणि गेली. रात्री मुलीनं पुण्यातून बघितलं तर सगळं काळं. मंगळवारी भाचा आला. त्यानं इंटरनेटवर वाचून रेकॉर्डर मूळ स्थितीत आणला, म्हणजे फॅक्टरी रिसेट. बुधवारी दिवसभर "शोधा" हे बटण दाबून झालं. गुरुवारी एका दुकानदारानं फोनवरच निकाल दिला: रेकॉर्डर गेलाय, नवीन घ्या.

भाच्याला मी काही बोललो नाही, पोरगं आधीच ओशाळलेलं होतं. पण रिसेटबद्दल माझं मत पक्कं आहे. रेकॉर्डरच्या यादीत प्रत्येक कॅमेऱ्याचा जाळ्यातला पत्ता, पोर्ट आणि नाव असतं. कॅमेरे बंद दिसत असले तरी ती यादी म्हणजे आपला पंचनामा. रिसेट केला की पंचनामा पुसला जातो आणि बिघाड जिथल्या तिथं राहतो. रिसेटनं खरोखर बरा झालेला रेकॉर्डर मी क्वचितच पाहिलाय. उलट, त्यामुळे एका तासाचं काम दोन दिवसांवर गेलेलं मात्र बरेचदा.

मांडणी साधी होती. आठ चॅनेलचा रेकॉर्डर, मागं नेटवर्कची एकच जागा. कॅमेऱ्यांना वीज आणि डेटा एकाच केबलनं देणारा आठ पोर्टचा पीओई स्विच वेगळा. दोन्ही देवघराशेजारच्या कपाटात. जुने कॅमेरे एका कंपनीचे, रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा, कारण मधे एकदा विजेच्या झटक्यानं आधीचा रेकॉर्डर गेला होता आणि त्या दिवशी दुकानात जो होता तो आणला. आपल्याकडं असंच चालतं आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचा परिणाम काय होतो हे माहीत पाहिजे.

लाल दिवे

सातच्या सुमाराला अंधारू लागलं तशी घराला एक फेरी मारली. रात्री बघण्यासाठी कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे इन्फ्रारेड दिवे असतात ते अंधारात मंद लाल दिसतात. बोळाकडचा कॅमेरा, जिन्याचा, शेडमधला, मालाच्या खोलीतला, गच्चीवरचा, मागच्या गल्लीतला. सहाही लाल. म्हणजे सहांनाही वीज मिळतेय, म्हणजे केबल ठीक आहेत, म्हणजे दोष जाळ्याच्या मांडणीत आहे. असा मी तीन पायऱ्यांचा निष्कर्ष काढला. त्यातली पहिली पायरी बरोबर होती.

कपाट उघडलं. मागांच्या घरात असतं तसं स्विचवर सुताच्या लवेचं पांढरं पांघरूण. फुंकर मारली तर ती उडून माझ्याच तोंडावर. लव साफ केल्यावर दिवे दिसले: पाच पोर्टवर विजेचा दिवा, त्यातल्या चारच पोर्टवर डेटाचा लुकलुकता दिवा, शिवाय राउटर आणि रेकॉर्डर. वहीत लिहिलं, "४ चालू, १ शंका." कॅमेरे सहा आणि केबल पाच, हे समोर लिहिलेलं असून माझ्या डोक्यात शिरलं नाही.

रेकॉर्डर नक्की काय विचारतो

इथं थोडं थांबून सांगतो, कारण "शोधा" बटण दाबल्यावर काय होतं हे कळलं की निम्मी भीती जाते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलावेत म्हणून अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही संघटना काढली. तिच्या नियमाप्रमाणे रेकॉर्डर कॅमेऱ्यांना एकेक करून शोधत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाळी देतो: कॅमेरा असाल त्यांनी ओ द्या. ही हाळी २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर, ३७०२ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर जाते. त्याच जाळ्यावर असलेले सगळे कॅमेरे ती ऐकतात. ओ मात्र सामाईक नसते. कॅमेरा थेट रेकॉर्डरच्या पत्त्यावर उत्तर पाठवतो, पोस्टकार्ड टाकावं तसं.

आता रेकॉर्डरचा पत्ता बघितला. रिसेटनंतर त्यानं नव्या राउटरकडून आपोआप पत्ता घेतला होता, १९२.१६८.१००.१४. जुना राउटर १९२.१६८.१.१ होता, हे अक्कांनी ठेवलेल्या जुन्या राउटरच्या पाठीवरच छापलेलं. १९२.१६८ नं सुरू होणारी अख्खी पट्टी खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेली आहे, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार. पण तिसरा आकडा १ ठेवायचा, ० ठेवायचा की १०० हे ज्याच्या त्याच्या राउटरवर. हा तिसरा आकडा म्हणजे उपकरणाची वस्ती समजा. कॅमेऱ्यांना पत्ते हातानं दिलेले असल्यामुळे ते अजून जुन्याच वस्तीत राहत होते.

म्हणजे घडत होतं ते असं. रेकॉर्डर १०० च्या वस्तीतून हाळी देतो. केबल एकच, स्विच एकच, त्यामुळे हाळी १ च्या वस्तीतल्या कॅमेऱ्यांनाही ऐकू जाते. कॅमेरा उत्तर लिहितो आणि बघतो तर पत्ता परगावचा. परगावची टपाल टाकायची ती गेटवेकडं, म्हणजे १९२.१६८.१.१ कडं. तो तर अक्कांच्या माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोस्टमनच नाही, तर पत्र जाणार कसं? कॅमेरा ओ देत होता, ती पोचत नव्हती आणि पडद्यावर ओळ येत होती: शून्य उपकरणे सापडली.

हे माझं अनुमान होतं, पुरावा नव्हता. लॅपटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला, स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये लावला आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या कंपनीचं फुकट मिळणारं शोधसाधन चालवलं. चार सेकंदांत दोन कॅमेरे यादीत, पत्त्याचा शेवटचा आकडा २१ आणि २२. बोळ आणि जिना. मग लॅपटॉपचा पत्ता बदलून मुद्दाम १०० च्या वस्तीतला केला. त्या साधनात ते दोघं तरीही दिसले, पण ऑनव्हिफच्या साधनात गायब झाले. कंपन्यांची स्वतःची साधनं बहुधा उत्तरही सामाईक पत्त्यावरच मागवतात, त्यामुळे वस्तीचा फरक आड येत नाही. रेकॉर्डर आणि कॅमेरे एकाच कंपनीचे असते तर ते यादीत तरी आले असते. मिसळ असल्यामुळे सगळी भिस्त ऑनव्हिफवर.

शेवटची खात्री म्हणून रेकॉर्डरलाच तात्पुरता १९२.१६८.१.२०० पत्ता दिला. शोधा. तीन सापडले. अण्णांनी खुर्ची पुढं ओढली.

(ज्यांच्या रेकॉर्डरला मागंच कॅमेऱ्याचे पीओई पोर्ट आहेत त्यांनी वरचा भाग वाचून घाबरू नये. ते रेकॉर्डर आपल्या पोटात कॅमेऱ्यांची वेगळीच वस्ती ठेवतात, हिकव्हिजन कंपनीच्या रेकॉर्डरमध्ये साधारण १९२.१६८.२५४, दाहुआच्या रेकॉर्डरमध्ये १०.१.१. राउटर बदलला तरी त्यांना फरक पडत नाही. त्यांची दुखणी वेगळी.)

जुना राउटर परत कामाला

पण रेकॉर्डर १ च्या वस्तीत नेला की त्याला इंटरनेट मिळेना, कारण बाहेरचं दार १०० च्या वस्तीत. घरात चित्र दिसेल, पुण्यात नाही. आणि खरी मालकीण पुण्यात.

तीन वाटा होत्या. एक, सगळे कॅमेरे १०० च्या वस्तीत हलवायचे. होईल, पण पुढच्या वेळी कंपनी बदलली की हेच रामायण. दोन, नव्या राउटरचाच पत्ता बदलून १९२.१६८.१.१ करायचा. पुष्कळ जण हेच करतात, सोपं आहे. पण हे राउटर कंपनीच्या ताब्यात असतात. त्यांनी लांबून नवी मांडणी पाठवली किंवा एखाद्यानं सुई खुपसून रिसेट केला की आपलं केलेलं पाण्यात. तिसरी वाट माळ्यावर होती.

अक्कांना जुना राउटर परत मागितला. त्यांनी तो जपून ठेवला होता, "टाकायचा कशाला, चालू हाय की." त्याच्या वॅन जागेत, म्हणजे जिथून इंटरनेट आत येतं तिथं, नव्या फायबर राउटरची केबल लावली, आणि लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या बाजूला पीओई स्विच आणि रेकॉर्डर. झालं. कॅमेऱ्यांची वस्ती आता जुन्या राउटरच्या हाताखाली, १९२.१६८.१.१ पुन्हा जिवंत. बाहेर फायबर कुणाचंही असो, आत काही बदलत नाही. एकामागं एक दोन राउटर म्हणजे पत्त्यांची दोनदा अदलाबदल होते आणि काही कामांना ती नडते, पण मोबाइल ॲपवर बघण्यासाठी रेकॉर्डर स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो, त्याला दोन दारं ओलांडायला अडचण येत नाही. अट एकच, दोन्ही राउटरच्या वस्त्या वेगळ्या हव्यात. एक १ आणि एक १००, आयतं जुळलेलं.

रेकॉर्डरला २०० हा पत्ता कायमचा दिला. जुना राउटर पाहुण्या उपकरणांना शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत होता, म्हणून त्या बाहेरचा. जुन्या राउटरचं वायफाय बंद केलं, नाहीतर घरातले मोबाइल कधी याला चिकटले असते, कधी त्याला. खर्च शून्य. अण्णांना हा भाग सगळ्यात जास्त आवडला.

एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं

तीन सापडले म्हणालो, त्यातला तिसरा म्हणजे १९२.१६८.१.१० या पत्त्यावरचा. मालाच्या खोलीत आणि गच्चीवर पंधरा दिवसांपूर्वी दोन नवे कॅमेरे बसवले होते, तिसऱ्याच बनावटीचे. पुन्हा शोध घेतला की चित्र कधी टॉवेलांच्या गठ्ठ्यांचं, कधी पाण्याच्या टाकीचं. अण्णा म्हणाले, "फिरता कॅमेरा हाय का काय?"

लॅपटॉपवर १० ला पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी सतत विचारणा, लावून ठेवला आणि पत्त्यांची नोंदवही बघितली, म्हणजे एआरपीची यादी. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून एक कायमचा क्रमांक येतो, मॅक. १० समोरच्या क्रमांकाचा शेवट ४७ होता. यादी पुसून पुन्हा पिंग: शेवट ९२. पुन्हा: ४७. दोन्ही कॅमेरे खोक्यातून काढताना एकच पत्ता घेऊन आले होते आणि बसवणाऱ्या वायरमननं ते भिंतीवर ठोकून, केबल स्विचमध्ये खुपसून काम संपवलं होतं. पत्ता बदलायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नसावं. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं म्हटल्यावर पत्र कधी खालच्याला, कधी वरच्याला.

उपाय दोन मिनिटांचा. एकाची केबल काढायची, दुसरा ब्राउझरमध्ये उघडून पत्ता २४ करायचा, मग पहिल्याची लावून त्याला २५. नवे कॅमेरे एका वेळी एकच जोडावेत, हा नियम मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

पुढं गाडी जिथं अडली तिथं मात्र माझाच तास गेला. २४ आणि २५ यादीत छान दिसले, पण जोडताना रेकॉर्डर म्हणे: वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकीचा. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो, रेकॉर्डरला चालत नाही. मी पुन्हा टाकला. कॅपिटल अक्षर तपासून पुन्हा टाकला. मग हट्टानं आणखी दोनदा. कॅमेऱ्यानं मला चोर समजून कुलूप लावलं, आता ब्राउझरमधूनही आत घेईना. या कॅमेऱ्याचं कुलूप अर्ध्या तासाचं. अक्कांनी तोवर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढं केलं, त्यामुळे वेळ अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही.

खाता खाता भाच्यानं विचारलं, "गच्चीच्या कॅमेऱ्यावर तारीख अशी का येती?" ब्राउझरमध्ये दिसलेल्या चित्राचा त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २०००.

दोष तोच होता. ऑनव्हिफमध्ये पासवर्ड उघडा पाठवत नाहीत. पासवर्ड, एक यादृच्छिक आकडा आणि त्या क्षणाची वेळ यांचं मिश्रण करून त्याचा ठसा पाठवतात. कॅमेरा वेळ बघतो. ठसा फार जुना किंवा भविष्यातला वाटला तर नाकारतो, म्हणजे कुणी जुना ठसा चोरून वापरू नये. या कॅमेऱ्यांच्या पोटात घड्याळाची बॅटरी नाही, वीज गेली की ते २००० सालापासून मोजायला लागतात. त्यांच्या दृष्टीनं आमचा रेकॉर्डर पंचवीसेक वर्षं पुढून बोलत होता. शहाणा रेकॉर्डर आधी कॅमेऱ्याला त्याची वेळ विचारून घेतो, तशी सोय ऑनव्हिफमध्ये आहे. हा विचारत नव्हता. आणि पडद्यावर ओळ पासवर्डची, घड्याळाचं नावही नाही.

कुलूप उघडल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ लावली. वीज गेली तरी ते स्वतः वेळ विचारून घेतील म्हणून वेळेचा सर्व्हर आणि गेटवे १९२.१६८.१.१ भरला. पहिल्याच दमात जोडले गेले. गच्चीचं चित्र आधी काळं आलं, चित्र दाबून लहान करायचा त्याचा एच.२६५ हा प्रकार रेकॉर्डरला झेपत नव्हता, जुना एच.२६४ केल्यावर आलं.

भाच्याचा त्या रात्री चेहरा उजळला तो उजळलाच.

माग सुरू झाले आणि कॅमेरा गेला

उरला शेडमधला. स्विचवर ज्याला वीज होती पण डेटाचा दिवा नव्हता, तो हाच. केबलचा प्लग काढून लव झटकली, पुन्हा दाबून बसवला, केबल जराशी पिळली आणि दिवा लागला. २३ वर सापडला, चित्र स्वच्छ. रात्रीचे साडेदहा झाले होते. मी पिळल्यामुळे लागलेल्या दिव्यावर विश्वास ठेवून घरी गेलो. बारा वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण दिवसभराच्या उन्हानंतर माणूस असं करतो.

शनिवारी सकाळी आठला खाली माग सुरू झाले. आठ वाजून चार मिनिटांनी अण्णांचा फोन. "गेला."

या वेळी केबल टेस्टर घेऊन गेलो. दोन्ही टोकांना डब्या लावल्या. एक ते आठ दिवे क्रमानं लागायला हवेत. १ लागला, २ नाही, ३ लागला आणि पुढचे सगळे. माग थांबवायला सांगितले तर २ लागला. जॉबरनं, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिरानं, एक माग चालू केला, २ लुकलुकायला लागला. इतका उघड पुरावा फार कमी वेळा मिळतो.

१०० एमबीपीएसच्या कॅमेऱ्याला डेटासाठी १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात. वीज कुठल्या तारांतून द्यायची याला २००३ च्या ८०२.३एएफ मानकात दोन पर्याय आहेत: डेटाच्याच जोड्यांतून किंवा रिकाम्या ४-५ आणि ७-८ मधून. अण्णांचा स्विच दुसऱ्या प्रकारचा. म्हणून २ नंबरची नारिंगी तार तुटली तरी ४-५ आणि ७-८ मधून वीज निवांत येत राहिली आणि लाल दिवे पेटत राहिले. आदल्या संध्याकाळच्या माझ्या निष्कर्षाची दुसरी पायरी इथं निखळली: वीज आहे म्हणजे केबल ठीक आहे असं नसतं.

केबलमागं चालत गेलो. स्विचपासून शेडच्या छताकडं, मग लोखंडी पट्टीवरून मागांच्या वर. बरोबर मधल्या मागाच्या डोक्यावर काळ्या टेपची गाठ. कुणीतरी केबल कमी पडली म्हणून तुकडा जोडला होता, तारा हातानं पिळून. टेप सोडला. नारिंगी तार हातात आली, तोंडाशी तांब्याचा रंग आणि आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. घरात भिंतीवर स्थिर राहिली तर अशी केबल थोड्या अंतरावर काही काळ चालते, पण मागाच्या थरथरीखाली पिळलेली गाठ म्हणजे तुटायची फक्त वाट बघायची. चाळीसेक मीटरची पूर्ण तांब्याची केबल एकसंध ओढली, पट्टीवरून नाही, भिंतीच्या कडेनं पाइपातून. माग चालू ठेवूनच टेस्टर लावला. एक ते आठ, क्रमानं.

सहावा

आता पाच झाले. मागच्या गल्लीतला राहिला. स्विचवर त्याची केबल शोधायला लागलो आणि तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की इथं पाचच केबल आहेत. कालपासून पाचच होत्या.

गल्लीतल्या कॅमेऱ्याची तार धरून निघालो. पांढरी, जाडसर, गोल. जिन्याखालून वर, भिंतीच्या छिद्रातून देवघराच्या मागं आणि तिथं तसबिरींच्या पाठीशी बीएनसीचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या तारेचं टोक, धूळ खात, कशालाच न जोडलेलं. कॅमेरा जुना ॲनालॉग, विजेच्या झटक्यात गेलेल्या रेकॉर्डरच्याही आधीच्या डीव्हीआरच्या, म्हणजे ॲनालॉग कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या काळातला. त्याला बारा व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर अजून चालू होता, म्हणून तो रोज रात्री इमानानं लाल होत होता. नेटवर्क रेकॉर्डरला तो सापडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला पत्ताच नाही.

मग पुण्याला फोन लावून शुक्रवारीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. बंद कधी पडले हे मी विचारलं होतं. त्याआधी किती दिसत होते हे नाही.

"तीन," ती म्हणाली. "कधी दोन. दुपारी बहुतेक दोनच. मला वाटायचं माझं नेट स्लो आहे."

दुपारी माग चालू असतात.

म्हणजे सोमवारी गेले होते दोन-तीनच. बाकी दोन पंधरा दिवसांपासून एकमेकांच्या उरावर बसलेले, शेडमधला कित्येक महिने मागांच्या तालावर जात-येत होता, आणि सहावा काही वर्षांपूर्वीच घरातल्या घरात निवृत्त झालेला. चार वेगवेगळ्या वयांची दुखणी आणि रेकॉर्डरकडं त्या सगळ्यांसाठी एकच वाक्य. सोमवारी राउटर बदलला म्हणून अण्णांनी कधी नव्हे ते सगळे कॅमेरे मोजले, आणि सगळं खापर फायबरवर फुटलं.

मागच्या गल्लीतला कॅमेरा काढून नेटवर्कचा बसवू का, असं विचारलं. अण्णांनी थोडा विचार केला. "चार वर्षं नुसत्या लाल दिव्यावर कुणी फिरकलं नाही. दिवाळीनंतर बघू." हिशेबात केबल आणि दोन दिवसांची मजुरी लावली. माझ्या चुकीच्या तासाची नाही.

निघताना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: राउटर १, बोळ २१, जिना २२, शेड २३, माल २४, गच्ची २५, रेकॉर्डर २००, आणि खाली भाच्याच्या अक्षरात "रिसेट करू नये". पासवर्ड त्यावर लिहिला नाही, तो अक्कांच्या हिशेबाच्या वहीत आहे.

पुढच्या आठवड्यात मुलीचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी दचकलोच. तर ती हसत होती. त्या दिवशी पहाटे चारला जाग आली म्हणून तिनं मोबाइलवर बोळाचा कॅमेरा उघडला. समोरच्या मावशी नळाला पाइप लावत होत्या, दारादारात घागरी आल्या होत्या. तिनं पुण्यातून घरी फोन करून अक्कांना उठवलं: पाणी आलंय. सोलापुरात पाच दिवसांनी आलेलं पाणी पहाटे झोपेत निघून जातं, आणि मग पुढचे पाच दिवस टँकरच्या मागं. अक्का म्हणाल्या म्हणे, चोराचं जाऊ दे, कॅमेऱ्याचे पैसे आज वसूल झाले.